जेम्स ऑस्कर मॅकिन्झी

जेम्स ऑस्कर मॅकिन्झी (जन्म : ४ जून १८८९, गॅमा, मिसूरी, अमेरिका, मृत्यू : ३० नोव्हेंबर १९३७) हे अमेरिकन लेखापाल, शिकागो विद्यापीठातील लेखाशास्त्राचे प्राध्यापक, ग्रंथकार आणि व्यवस्थापन सल्लागार होते. उद्योगसंस्थेचे नियोजन व नियंत्रण यांसाठी अंदाजपत्रकाचा वापर कसा करावा, याची पद्धतशीर मांडणी करणारा ‘बजेटरी कंट्रोल’ हा त्यांचा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला. या विषयावरील पहिला सविस्तर ग्रंथ म्हणून तो सामान्यतः ओळखला जातो. १९२६ साली त्यांनी शिकागो येथे स्थापन केलेली सल्लागार संस्था आज ‘मॅकिन्झी अँड कंपनी’ या नावाने जगभर कार्यरत आहे. आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांनी मार्शल फील्ड अँड कंपनी या शिकागोतील नामवंत व्यापारी संस्थेचे प्रमुखपद सांभाळले. इतरांना दिलेला सल्ला तेथे त्यांना स्वतःच अमलात आणावा लागला.

बालपण आणि शिक्षण

मॅकिन्झी यांचा जन्म मिसूरी राज्यातील गॅमा या लहानशा गावी झाला. त्यांचे बालपण ग्रामीण भागात, बेताच्या परिस्थितीत गेले. प्रारंभी त्यांनी शिक्षकी पेशाची वाट धरली. १९१२ साली वॉरेन्सबर्ग येथील शिक्षक महाविद्यालयातून त्यांनी अध्यापनशास्त्राची पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी आर्कान्सा विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. त्यानंतर सेंट लुईस येथे जमाखर्च शिकवीत असतानाच त्यांचे पुढील शिक्षणही चालू राहिले. पुढे ते शिकागो विद्यापीठात दाखल झाले.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर ते सैन्यात दाखल झाले आणि शस्त्रास्त्र पुरवठा विभागात त्यांची नेमणूक झाली. लाखो सैनिकांना लागणारी सामग्री असंख्य कारखान्यांकडून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात मिळवणे हे त्या विभागाचे काम होते. एका ठिकाणची दिरंगाई दुसऱ्या ठिकाणचे काम कसे अडवते, हे अशा कामात रोज दिसते. युद्ध संपल्यावर ते शिकागोला परतले. १९१९ साली त्यांनी विद्यापीठाची एम.ए. पदवी संपादन केली आणि त्याच सुमारास इलिनॉय राज्याची सार्वजनिक लेखापालाची सनद मिळवली. अध्यापन, कायदा आणि लेखाशास्त्र या तिन्ही विषयांचे शिक्षण एकाच व्यक्तीने घेतलेले असणे हे त्या काळी विरळाच होते. त्यांच्या पुढील लेखनात या तिन्हींचा ठसा स्पष्ट दिसतो.

अध्यापन व ग्रंथलेखन

शिकागो विद्यापीठात लेखाशास्त्र शिकवीत असताना मॅकिन्झी एका लेखापाल संस्थेतही काम करीत होते. काही काळ त्यांनी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातही अध्यापन केले. त्या काळातील लेखाशास्त्राचे अध्यापन मुख्यतः रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांभोवती फिरत असे. झालेल्या व्यवहारांची नोंद अचूक कशी ठेवावी, हा त्याचा गाभा होता. मॅकिन्झी यांनी हा रोख बदलला. हिशेब हा केवळ मागच्या वर्षाचा दाखला नसून व्यवस्थापकाला पुढचा निर्णय घेण्यास साहाय्य करणारे साधन आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅनेजेरियल अकाउंटिंग’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकाची रचना याच दृष्टीने केलेली आहे. आज ‘व्यवस्थापकीय लेखाशास्त्र’ या नावाने शिकवल्या जाणाऱ्या विषयाच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. विद्यापीठीय लेखाशास्त्र अध्यापकांच्या अमेरिकन संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी १९२० च्या दशकात भूषवले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अंदाजपत्रक ही कल्पना मुळात राज्यकारभारातली. राजाने किंवा सरकारने किती कर घ्यावा आणि तो कशावर खर्च करावा, यावर प्रतिनिधीगृहाचा अंकुश राहावा म्हणून ब्रिटनमध्ये वार्षिक अर्थसंकल्पाची प्रथा रूढ झाली. अमेरिकेच्या केंद्र सरकारला मात्र १९२१ पर्यंत एकत्रित असा अर्थसंकल्प नव्हता. निरनिराळी खाती आपापल्या मागण्या स्वतंत्रपणे मांडीत असत. त्या वर्षीच्या जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष वॉरेन हार्डिंग यांनी अर्थसंकल्प व लेखा अधिनियमावर स्वाक्षरी केली आणि अर्थसंकल्प कार्यालय अस्तित्वात आले.

याच सुमारास खासगी उद्योगांनाही एका कठोर अनुभवातून जावे लागले. युद्धोत्तर तेजीत कंपन्यांनी भरमसाट माल आणि कच्चा माल साठवला होता. १९२० च्या उत्तरार्धात भाव कोसळले, मागणी आटली आणि गोदामे भरलेली राहिली. जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या विभागांनी परस्परांना न विचारता केलेली खरेदी त्या कंपनीला संकटात घेऊन गेली. सीअर्स, रोबक या कंपनीला सावरण्यासाठी तिचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांना स्वतःची संपत्ती पणाला लावावी लागली. या कंपन्यांचे हिशेब लिहिलेले नव्हते असे नाही. परंतु विक्री विभागाला काय अपेक्षित आहे हे खरेदी विभागाला ठाऊक नव्हते आणि दोघांच्या निर्णयांमुळे तिजोरीवर किती भार पडणार आहे हे कोणीच आधी मांडून पाहिले नव्हते. मॅकिन्झी यांचा ग्रंथ या पार्श्वभूमीवर आला, त्यामुळे त्याचे स्वागत झाले.

‘बजेटरी कंट्रोल’मधील विचार

मराठीत सरकारच्या बाबतीत ‘अर्थसंकल्प’ आणि व्यवसायाच्या बाबतीत ‘अंदाजपत्रक’ हा शब्द रूढ आहे. पहिल्या शब्दात संकल्प आहे, दुसऱ्यात अंदाज. मॅकिन्झी यांच्या मांडणीत या दोन्ही अर्थांचा मेळ आढळतो. नुसता अंदाज बांधून भागत नाही. तो अंदाज संस्थेने स्वीकारलेली योजना झाला पाहिजे आणि त्या योजनेशी प्रत्यक्ष कामाची तुलना ठरावीक कालांतराने झाली पाहिजे. या तीन पायऱ्यांपैकी एक जरी गळाली तरी अंदाजपत्रकीय नियंत्रण उरत नाही.

प्रत्येक विभागप्रमुखाने आगामी काळासाठी आपल्या विभागाचा अंदाज स्वतः तयार करावा, असे त्यांनी सुचवले. हे सर्व अंदाज संस्थेच्या प्रमुखाच्या अध्यक्षतेखालील एका समितीपुढे येतात. तेथे त्यांचा परस्परांशी मेळ घातला जातो, आवश्यक तेथे काटछाट होते आणि मान्य झालेले अंदाज पुन्हा विभागांकडे योजना म्हणून जातात. त्यानंतर अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करणारे अहवाल नियमितपणे वर पाठवले जातात.

विक्रीचा अंदाज हा या साखळीतील पहिला दुवा होय. उदाहरणार्थ, एखाद्या पंख्याच्या कारखान्याने वर्षभरात १०,००० पंखे विकण्याचे ठरवले, असे समजू. वर्षारंभी गोदामात १,००० पंखे आहेत आणि वर्षअखेरीस १,५०० पंखे शिल्लक असावेत अशी अपेक्षा आहे. तर त्या वर्षी १०,५०० पंखे तयार करावे लागतील. एका पंख्याला २ किलो धातू लागत असेल तर २१,००० किलो धातूची गरज आहे. यावरून खरेदीचे, त्यानंतर मजुरीचे, कारखान्याच्या इतर खर्चाचे आणि यंत्रसामग्रीचे अंदाज ठरतात. सर्वांत शेवटी रोख रकमेचे अंदाजपत्रक येते. माल विकल्यानंतर पैसे हाती पडण्यास दोन महिने लागत असतील आणि धातूचे पैसे मात्र महिन्याभरात द्यावे लागत असतील, तर मधल्या काळासाठी कर्जाची सोय आधीच करावी लागते. नफ्यात असलेला धंदाही रोख रकमेअभावी अडचणीत येतो. ही गोष्ट रोखीचे अंदाजपत्रक मांडल्यावर काही महिने आधी लक्षात येते. अखेरीस या सर्व अंदाजांवरून संभाव्य नफातोटा पत्रक आणि संभाव्य ताळेबंद तयार होतो.

अंदाजपत्रक यशस्वी होण्यासाठी संस्थेची रचना आधी सुस्पष्ट असली पाहिजे, यावर मॅकिन्झी यांचा विशेष भर होता. कोणत्या खर्चास कोण जबाबदार आहे हे ठरलेले नसेल तर तफावत दिसूनही तिचा जाब कोणाला विचारावा हे कळत नाही. त्यामुळे अंदाजपत्रक बनवण्याचे काम हाती घेतले की संस्थेतील अधिकारांची संदिग्धता आपोआप उघडी पडते. हे काम केवळ लेखा विभागावर सोपवून चालणार नाही, ते संस्थेच्या प्रमुखानेच चालवले पाहिजे, हे त्यांच्या मांडणीचे तात्पर्य होते.

सल्लागार संस्थेची स्थापना

ग्रंथामुळे मॅकिन्झी यांचे नाव उद्योगजगतात पोहोचले. १९२६ साली त्यांनी स्वतःची संस्था स्थापन केली. शिकागोतील आर्मर अँड कंपनी ही मांस उद्योगातील बलाढ्य कंपनी त्यांच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी होती. व्यवस्थापन सल्लागार हा शब्द तेव्हा प्रचलित नव्हता. अशा व्यावसायिकांना व्यवस्थापन अभियंते म्हणत. त्यांपैकी अनेकजण कारखान्यातील कामाची गती व मजुरांची कार्यक्षमता यांपुरतेच पाहत. मॅकिन्झी यांनी याउलट कंपनीच्या सर्वोच्च व्यवस्थापनाच्या प्रश्नांपासून सुरुवात केली.

त्यासाठी त्यांनी ‘सर्वसाधारण पाहणी’ची एक विस्तृत रूपरेषा तयार केली होती. एखाद्या कंपनीचा अभ्यास करताना आधी त्या उद्योगाचे भवितव्य, मग त्यात कंपनीचे स्थान, त्यानंतर तिची धोरणे, संघटना, यंत्रसामग्री, कार्यपद्धती, मनुष्यबळ व आर्थिक स्थिती असा क्रम त्यात होता. कंपनीचे हिशेब तपासण्यापूर्वी तिचा धंदा मुळात कोठे चालला आहे हे पाहावे, असा त्यामागील विचार होता. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला ही रूपरेषा आत्मसात करावी लागे. १९२९ मध्ये अँड्र्यू थॉमस कर्नी आणि १९३३ मध्ये मार्व्हिन बॉवर हे त्यांच्या संस्थेत आले. १९३५ साली स्कोव्हेल, वेलिंग्टन या लेखापाल संस्थेशी सहकार्य करून सल्लागारीचा व्यवसाय ‘मॅकिन्झी, वेलिंग्टन अँड कंपनी’ या नावाने चालवण्यात येऊ लागला.

मार्शल फील्ड अँड कंपनी

मार्शल फील्ड अँड कंपनीचे शिकागोतील स्टेट स्ट्रीटवरील भव्य दुकान देशभर प्रसिद्ध होते. परंतु कंपनीचा पसारा त्याहून मोठा होता. लहान शहरांतील दुकानदारांना माल पुरवणारा घाऊक विभाग आणि कापड गिरण्या हे तिचे दोन मोठे भाग होते. घाऊक व्यापारासाठी कंपनीने बांधलेली ‘मर्चंडाइज मार्ट’ ही अवाढव्य इमारत १९३० साली, म्हणजे महामंदीच्या तोंडावर, सुरू झाली. दुकानदार आता उत्पादकांकडून थेट माल घेऊ लागले होते आणि घाऊक विभाग तोट्यात जात होता.

१९३५ साली संचालक मंडळाने मॅकिन्झी यांच्याकडे कंपनीची पाहणी सोपवली. घाऊक व्यापार बंद करावा आणि किरकोळ विक्रीवर लक्ष केंद्रित करावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. संचालकांनी हा सल्ला तर मान्य केलाच, शिवाय तो अमलात आणण्यासाठी त्यांनाच कंपनीचे अध्यक्ष व मुख्य कार्यकारी होण्याची विनंती केली. आपल्या संस्थेतून रजा घेऊन मॅकिन्झी यांनी ही जबाबदारी स्वीकारली.

घाऊक विभाग गुंडाळण्यात आला आणि शेकडो कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. त्यांपैकी अनेकांनी आयुष्याचा मोठा काळ या कंपनीत घालवला होता. शिवाय महामंदीच्या काळात दुसरी नोकरी मिळणे दुरापास्त होते. मार्शल फील्डमध्ये नोकरी म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती, अशी शिकागोत समजूत होती. ती या निर्णयाने मोडली आणि मॅकिन्झी यांच्याविषयी कंपनीत कटुता निर्माण झाली. ताळेबंदाच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय होता, कारण तोट्यातील विभाग नफ्यातील दुकानाला खाली ओढत होता. प्रारंभी आर्थिक स्थितीत सुधारणाही दिसली. परंतु १९३७ मध्ये अमेरिकन अर्थव्यवस्था पुन्हा घसरली आणि मॅकिन्झी यांनी राखून ठेवलेल्या कापड गिरण्यांना त्याचा फटका बसला. संचालकांचा त्यांच्यावरील विश्वास डळमळू लागला.

निधन

कामाचा अतोनात ताण आणि टीका यांचा त्यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला. १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. त्या काळी या आजारावर प्रभावी प्रतिजैविके सर्वत्र उपलब्ध नव्हती. ३० नोव्हेंबर १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात १९३९ साली सल्लागार संस्थेचे विभाजन झाले. न्यू यॉर्कची शाखा बॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॅकिन्झी अँड कंपनी’ या नावाने चालवली. शिकागोची शाखा कर्नी यांच्याकडे गेली आणि पुढे ‘ए. टी. कर्नी’ या नावाने प्रसिद्ध झाली. मॅकिन्झी अँड कंपनीला आजचे स्वरूप देण्याचे श्रेय मुख्यतः बॉवर यांना दिले जाते. संस्थापकाचे नाव मात्र त्यांनी कायम ठेवले.

मूल्यमापन

मॅकिन्झी यांनी मांडलेल्या पद्धतीच्या मर्यादाही कालांतराने स्पष्ट झाल्या. वर्षारंभी एकदाच ठरवलेले, म्हणजेच स्थिर अंदाजपत्रक परिस्थिती बदलल्यावर दिशाभूल करते. समजा, १०,००० पंख्यांसाठी ५० लाख रुपये खर्च अंदाजला होता. त्यांपैकी २० लाख रुपये भाडे, पगार असे स्थिर आणि उरलेले ३० लाख, म्हणजे प्रत्येक पंख्यामागे ३०० रुपये, बदलते होते. प्रत्यक्षात ८,००० पंखेच तयार झाले आणि खर्च ४६ लाख आला. वरवर पाहता ४ लाखांची बचत दिसते. परंतु ८,००० पंख्यांसाठी योग्य खर्च २० लाख अधिक २४ लाख, म्हणजे ४४ लाख रुपये एवढाच होता. वस्तुतः २ लाख रुपये जास्त खर्च झाले आहेत. उत्पादनाच्या पातळीनुसार बदलणारे असे लवचीक अंदाजपत्रक पुढील काळात सर्वत्र स्वीकारले गेले.

दुसरी मर्यादा मानवी स्वभावाची आहे. आपल्याच अंदाजावरून आपले मूल्यमापन होणार हे ठाऊक असलेला विभागप्रमुख खर्च थोडा फुगवून आणि विक्री थोडी कमी करून सांगतो. मंजूर रक्कम वाचवली तर पुढील वर्षी ती कापली जाईल, या भीतीने वर्षअखेरीस अनावश्यक खरेदीही होते. नियोजनासाठी अंदाज खरा असावा लागतो, तर नियंत्रणासाठी तोच अंदाज उद्दिष्ट बनतो. एकाच आकड्याकडून ही दोन्ही कामे करून घेताना निर्माण होणारा हा ताण अंदाजपत्रकीय पद्धतीच्या अभ्यासातील एक मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

मार्शल फील्डमधील त्यांच्या कारकिर्दीविषयी अभ्यासकांत दोन मते आढळतात. काहींच्या मते त्यांनी एका बुडत्या व्यवसायाचा भार वेळीच दूर केला आणि त्यामुळे कंपनी टिकली. इतरांच्या मते आकड्यांवरून योग्य ठरणारा निर्णय माणसांपर्यंत कसा पोहोचवावा, याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. कंपनीने घाऊक व्यापार पुन्हा सुरू केला नाही, तिचे किरकोळ दुकान पुढे अनेक दशके चालू राहिले. हा घटनाक्रम पहिल्या मताला पुष्टी देतो. मात्र नोकरी गमावलेल्यांचे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकाच्या रकान्यात नोंदले गेले नव्हते, हेही खरे आहे.

आज महाराष्ट्रातील वाणिज्य शाखेचे विद्यार्थी अंदाजपत्रकीय नियंत्रण या प्रकरणात विक्री, उत्पादन, खरेदी व रोख रकमेची अंदाजपत्रके याच क्रमाने सोडवतात. त्यांच्या पाठ्यपुस्तकांतून मॅकिन्झी यांचे नाव क्वचितच येते. तथापि गणितातील हा क्रम १९२२ सालच्या त्या ग्रंथातील मांडणीशी जुळणारा आहे. लेखाशास्त्राला भूतकाळाच्या नोंदीपलीकडे नेऊन भविष्याच्या नियोजनाशी जोडणारे प्रारंभीचे अभ्यासक म्हणून जेम्स मॅकिन्झी यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.